कांदोळीचे आबे फारिया व सज्ञान निद्रेचें कारण

१. पणजी शहरांत मांडवीच्या कांठीं, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारीं, एक कांस्याचा पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढें पसरून उभा आहे व त्याच्या समोर एक स्त्री मागें रेलून निद्रावश होत आहे, असा त्यांतील देखावा आहे. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं तो घडविला व १९४५ सालीं तो तेथें बसविण्यांत आला. शिल्प या नात्यानें तो उत्तमच आहे. परंतु पाहणाराची समजूत अशी होते कीं, त्या पाद्र्याच्या बोटांतून कांहीं अदृश्य शक्ति बाहेर पडते व तिच्या जोरानें ती स्त्री निजते. ज्यांचा हा पुतळा त्या आबे फारियांनीं आपल्या ग्रंथांत जें प्रतिपादिलें तें याच्या नेमकें उलट आहे. निजविणाराच्या ठायीं कसलीही अलौकिक शक्ति नसते. जें कांहीं घडतें तें निजणाराच्याच अंतःकरणांत घडतें व तेथूनच तें त्याच्या शरीरावर उमटतें, असा त्यांचा सिद्धांत. एका बाजूस पुतळ्याची साक्ष व दुसऱ्या बाजूस ग्रंथाची साक्ष, असा हा विरोध आहे. अशा प्रसंगीं संशोधकानें कोणती साक्ष अस्सल मानावी हें सांगावयास नको. तथापि लोकांच्या मनांत फारिया राहिले आहेत ते पुतळ्यांतले, ग्रंथांतले नव्हेत. आणि त्यामुळें गोमंतकाच्या एका पुत्राचें खरें श्रेय झांकलें गेलें आहे. तें उघड करून दाखवावें, व त्याच वेळीं त्यांच्या नांवाला चिकटलेलें खोटें श्रेय दूर करावें, असा या लेखाचा दुहेरी हेतु आहे.

२. प्रथम चरित्राचा सांगाडा देतों. जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म बार्देश प्रांतांतील कांदोळी गांवीं ३१ मे १७५६ रोजीं झाला. घराणें मूळचें सारस्वत ब्राह्मणांचें. अनंत शेणवी नांवाच्या पूर्वजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, असें परंपरा सांगते. वडील कायतान व्हितोरिनु हे कोलवाळचे. त्यांनीं पाद्री होण्यासाठीं चालविलेलें शिक्षण सोडून विवाह केला होता. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. पतीनें पुन्हां धर्मदीक्षेचा मार्ग धरला व पत्नी जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत संन्यासिनी झाली. २१ फेब्रुवारी १७७१ रोजीं पितापुत्र जहाजानें निघाले ते त्याच वर्षाच्या २३ नोव्हेंबरास लिस्बन येथें उतरले. गोवें सोडतेवेळीं मुलाला पंधरावें वर्ष चालू होतें. हा तपशील पुढें उपयोगीं पडणार असल्यामुळें वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

रोम येथील धर्मप्रसारक विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. १७८० सालीं त्यांना पाद्र्याची दीक्षा मिळाली व ईश्वरविद्येंत ते पंडित ठरले. १७८७ सालीं गोव्यांत पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट उघडकीस आला. पिंटोंचा कट म्हणून जो प्रसिद्ध आहे तोच हा. त्याच्याशीं संबंध असल्याचा संशय थोरल्या फारियांवर आला, आणि १७८८ सालीं धाकट्या फारियांनीं लिस्बन सोडून पॅरिस गाठलें. तेथें लौकरच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९५ सालीं कन्व्हेन्शन सभेविरुद्ध पॅरिसमध्यें जो उठाव झाला, त्यांत एका तुकडीचें पुढारीपण या गोमंतकीय पाद्र्याकडे होतें. १८११ च्या सुमारास ते मार्सेय येथें तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले व नंतर नीम येथें होते. १८१३ सालीं ते पॅरिसला परतले, आणि ११ ऑगस्ट १८१३ रोजीं क्लिशी रस्त्यावरील एका घरांत त्यांनीं सज्ञान निद्रेवरील आपलीं जाहीर व्याख्यानें सुरू केलीं. १८१९ च्या सप्टेंबरांत त्यांचें पॅरिस येथेंच देहावसान झालें. त्यांच्या थडग्याची खूणही उरलेली नाहीं.

३. फारियांनीं काय नवें सांगितलें हें कळण्यास त्यांच्या अगोदर काय मानलें जात होतें तें पाहिलें पाहिजे. १७६६ सालीं व्हिएन्ना येथें वैद्यकाची पदवी घेतलेले मेस्मर १७७८ सालीं पॅरिसला आले. सर्व विश्वांत एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, त्याचा प्रवाह शरीरांत अडखळला म्हणजे रोग होतो, व वैद्यानें आपल्या हातांनीं तो प्रवाह पुन्हां सुरू केला म्हणजे रोग बरा होतो, असें त्यांचें मत होतें. यासच प्राणिज चुंबकत्व असें नांव पडलें. रोगी एका मोठ्या झांकलेल्या पिंपाभोंवतीं बसत, त्यांतून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या अवयवास लावीत, आणि कांहीं वेळानें कोणी खोकूं लागे, कोणी हंसूं लागे, कोणास झटके येत. या प्रकाराचा बोभाटा इतका झाला कीं, १७८४ सालीं सोळाव्या लुईनें चौकशीसमिति नेमली. तींत बेंजामिन फ्रँक्लिन, रसायनज्ञ लाव्हाझिए, ज्योतिषी बायी व डॉक्टर गियोतें हे होते.

या समितीनें केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. मेस्मर यांचे शिष्य देस्लों यांनीं फ्रँक्लिन यांच्या पासी येथील बागेंत एक जर्दाळूचें झाड चुंबकित केलें. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक चार झाडांस मिठी मारावयास लाविलें. परंतु त्या चारांत चुंबकित झाड नव्हतेंच. पहिल्या झाडापाशीं मुलास घाम सुटला व खोकला आला, दुसऱ्यापाशीं डोकें दुखूं लागलें, तिसऱ्यापाशीं तें वाढलें, आणि चौथ्यापाशीं तो बेशुद्ध पडला. निर्णय उघड होता. द्रव नाहीं; जें आहे तें कल्पनेचें कार्य आहे. समितीनें तो निर्णय दिला व प्रकरण मिटलें असें मानलें. येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. झाडांत कांहीं नव्हतें हें खरें. पण मुलगा खरोखरच बेशुद्ध पडला होता. केवळ समजुतीनें धडधाकट मुलाचें शरीर असें कोसळावें ही गोष्ट द्रवापेक्षां कमी आश्चर्याची आहे काय? समितीनें चोर नाहीं हें सिद्ध केलें. पण चोरी कशी झाली हा प्रश्न तसाच सोडला.

त्याच १७८४ सालीं प्युइसेग्यूर या सरदारानें ब्युझांसी येथील आपल्या जहागिरींत एका तरुण शेतकऱ्यावर मेस्मरी उपचार करतांना पाहिलें कीं, त्यास झटके न येतां शांत झोंप लागली आहे, व त्या झोंपेंत तो बोलतो, चालतो, विचारलेल्याचें उत्तर देतो. झटक्यांऐवजीं ही निद्राच पुढें मुख्य विषय झाली. परंतु तिचें कारण म्हणून प्युइसेग्यूर निजविणाराची इच्छाशक्ति पुढें करीत. कारण बाहेरचें, हें गृहीत तसेंच राहिलें.

४. हें गृहीत फारियांनीं मोडलें. त्यांची रीत अगदीं साधी होती. ज्याला निजावयाचें असे त्याला ते खुर्चीवर आरामानें बसवीत, डोळे मिटून मन एकाग्र करावयास व झोंपेचाच विचार करावयास सांगत. मग कांहीं क्षण गेल्यावर ‘झोंपा’ अशी एकच आज्ञा ते मोठ्यानें करीत. एकदां केलेली आज्ञा लागू पडली नाहीं तर ती दोनतीनदां करीत, व तरीही झोंप न आल्यास हा मनुष्य या निद्रेस पात्र नाहीं असें सांगून त्यास परत पाठवीत. कधीं ते उघडा पंजा त्याच्या दृष्टीसमोर धरून हळूहळू जवळ आणीत. पिंप नाहीं, कांबी नाहींत, तासचे तास हात फिरविणें नाहीं. एवढ्यानेंच जे निजत त्यांच्याकडून ते नाना प्रकार करवीत. साध्या पाण्यास मद्याची चव येई. हातपाय लुळे पडत व शब्दासरशी पूर्ववत् होत. टोंचलेलें कळेनासें होई. निद्रेंत दिलेली आज्ञा जागें झाल्यावरही पाळली जाते, हेंही त्यांनीं नोंदून ठेविलें.

५. १८१९ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा फ्रेंच ग्रंथ सज्ञान निद्रेच्या कारणाविषयीं आहे. अनेक भागांचा संकल्प होता; त्यांपैकीं पहिलाच काय तो बाहेर पडला. ग्रंथ प्युइसेग्यूर यांस अर्पण केलेला आहे, पण त्यांत प्युइसेग्यूर यांच्याच मताचें खंडन आहे. पिंप, द्रव, प्राण्याची उष्णता, दुसऱ्याची इच्छा हीं सर्व कारणें त्यांनीं हास्यास्पद ठरविलीं आहेत. रोज रात्रीं जी झोंप येते ती कोण आणतें? इंद्रियांवरून मन निघून आंत एकवटतें, म्हणून ती येते. सज्ञान निद्राही त्याच जातीची. भेद प्रमाणाचा आहे. म्हणून निजविणाऱ्याला त्यांनीं नांव दिलें तें केवळ ‘एकाग्र करविणारा’ या अर्थाचें, व निजणाऱ्यास ग्रीक रहस्यदीक्षेंतला ‘द्रष्टा’ या अर्थाचा शब्द योजिला. पात्रता नसेल तेथें कोणाच्याही इच्छेनें ही निद्रा उत्पन्न होत नाहीं. आणि पात्रता असेल तेथें निजविणारा कोण आहे याला महत्त्व नाहीं.

ग्रंथांत चुकाही आहेत. कांहीं माणसेंच या निद्रेस पात्र कां, याचें उत्तर त्यांनीं रक्ताच्या पातळपणांत शोधलें. तें आज कोणी मानणार नाहीं. सर्वत्र जुन्या धर्मपीठांतील तर्कपद्धतीची छाप आहे व वाचन क्लिष्ट आहे. तथापि मुख्य प्रमेय स्वच्छ आहे: सत्ता बोलणाराची नव्हे, ऐकणाराची.

६. आतां आख्यायिकांकडे वळूं. कारण अशा पुरुषांच्या बाबतींत अस्सल कागद थोडे व दंतकथा फार, हा अनुभव आपणां सर्वांस आहेच.

पहिली गोमंतकांत घरोघर ठाऊक आहे. राणीसमोर प्रवचन करण्यास तरुण फारिया उभे राहिले असतां त्यांची वाचाच बसली. तेव्हां जवळच असलेले वडील कोंकणींत हळूच म्हणाले, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी. हे शब्द कानीं पडतांच भीति पळाली व प्रवचन अस्खलित झालें. एका वाक्यानें देहाची स्थिति पालटते ही गोष्ट त्यांच्या मनांत तेव्हांपासून रुजली, असें सांगतात. गोष्ट सुंदर आहे व त्यांच्या सिद्धांताशीं इतकी जुळते कीं, त्यामुळेंच सावध राहावेंसें वाटतें. सिद्धांत प्रसिद्ध झाल्यावर त्याला साजेसें बालपण रचलें जातें, हा प्रकार संतचरित्रांत आपण नेहमीं पाहतों. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

दुसरी साक्ष फ्रेंच साहित्यिक शातोब्रियां यांच्या स्मृतिग्रंथांतील आहे. एका मेजवानींत फारियांनीं चुंबकत्वानें एक कॅनरी पक्षी मारून दाखविण्याची बढाई मारली. पक्षी मेला नाहींच, उलट त्यांनाच पळ काढावा लागला, असें शातोब्रियां थट्टेनें लिहितात. प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा. लेखक उपहास करणारा व मागाहून लिहिणारा, म्हणून तपशीलावर भिस्त ठेवतां येत नाहीं. पण सांगाड्यांत तथ्य असेल तर त्यांतून एक महत्त्वाचें अनुमान निघतें. त्या वेळीं फारिया स्वतःच बाहेर जाणाऱ्या शक्तीवर विश्वास ठेवीत होते! म्हणजे १८१९ चा सिद्धांत त्यांस उपजत सुचलेला नाहीं. अनुभवानें जुनें मत टाकून ते त्यावर आले. थट्टेखोराच्या लिहिण्यांतून चरित्रनायकाचा मोठेपणा वाढावा, असें क्वचितच घडतें.

तिसरी गोष्ट द्युमा यांच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीची. मार्सेयजवळच्या सागरी किल्ल्यांत कोंडलेले त्यांतील विद्वान आबे फारिया इटालियन आहेत. नांव उसनें घेतलें, बाकी कल्पना. कादंबरीवरून चरित्राचे धागे जोडूं नयेत.

चवथी गोष्ट आपल्याकडील अभिमानाची आहे. फारियांनीं ही विद्या हिंदुस्थानांतून, योग्यांपासून नेली, असें म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. पॅरिसमध्यें ते ब्राह्मणवंशीय म्हणून ओळखले जात व ही ओळख त्यांस नकोशी नव्हती. परंतु प्रमाणें काय सांगतात? चौदा वर्षें पुरीं करून पंधराव्यांत त्यांनीं गोवें सोडलें व पुन्हां तें पाहिलें नाहीं. त्यापूर्वींचें बालपण पाद्र्याच्या घरांत गेलें. विद्या रोमची, परिभाषा ग्रीक व लॅटिन वळणाची, प्रत्यक्ष प्रयोगाची परंपरा प्युइसेग्यूर यांची. या साखळींत योगशास्त्राची कडी बसविण्यास जागा दिसत नाहीं. माणूस आपला, वंश आपला, हें निर्विवाद. विद्येचा उगम मात्र पॅरिसचा. जें खरोखर त्यांचें आहे तें इतकें मोठें आहे कीं, त्यावर खोट्या दागिन्यांची भर घालण्याचें कारण नाहीं.

७. फारियांचें नांव बुडविण्यास शत्रु व गुरुबंधु दोघेही झटले. द्रववादी त्यांच्यावर रुष्ट झाले, धर्मपीठास हा खेळ रुचला नाहीं, आणि १८१६ सालीं चुंबकवेडावर एक प्रहसन रंगभूमीवर आलें. एका नटानें तर त्यांच्या सभेंत झोंपेचें सोंग करून मध्येंच डोळे उघडले व त्यांची फजिती केली. सोंग ओळखतां आलें नाहीं ही त्यांची उणीव खरीच. पण एका सोंगानें बाकीचे अनुभव खोटे ठरत नाहींत. या सभांस हजर राहिलेल्या नुआझे या लष्करी अधिकाऱ्यानें आपल्या निबंधांत फारियांचें मत जतन केलें. पुढें नान्सी येथील डॉक्टर लिएबो व बर्नहाइम यांनीं सूचनेच्या सामर्थ्यावर आपली उपचारपद्धति उभारली, आणि मोहनिद्रा हा केवळ वाताच्या रोग्यांचा विकार आहे असें म्हणणाऱ्या शार्को यांच्याविरुद्ध वाद जिंकला. या मार्गाचे आद्य प्रवर्तक म्हणून फारियांचा मान बर्नहाइम यांनीं मान्य केला. १९०६ सालीं डॉक्टर दाल्गादु या गोमंतकीयानें त्यांचें चरित्र पॅरिस येथें प्रसिद्ध केलें व मूळ ग्रंथही पुन्हां छापविला. १९२५ सालीं पोर्तुगालचे एगाश मोनिश यांनीं त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मोनिश यांस पुढें १९४९ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

८. या विद्येचा सर्वांत मोठा पडताळा हिंदुस्थानांतच झाला, हा एक योगायोग. हुगळी येथील कंपनी सरकारचे स्कॉटिश डॉक्टर जेम्स एस्डेल यांनीं ४ एप्रिल १८४५ रोजीं तुरुंगांतील एका व्याकुळ कैद्यावर मेस्मरी हस्तक्रिया प्रथमच करून पाहिली व तो वेदनारहित झाला. पुढील आठ महिन्यांत त्यांनीं ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया केल्याची नोंद त्यांच्या १८४६ च्या ग्रंथांत आहे. त्यांत शरीरावरील मोठमोठ्या गांठी कापण्याचीं कामें होतीं. सरकारनें समिति नेमली. तिचे अध्यक्ष शाहनाम्याचे भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध असलेले जेम्स अॅट्किन्सन हे होते. समितीचा अभिप्राय जपून दिलेला परंतु अनुकूल पडला, व १८४६ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास प्रयोगासाठीं लहानसें रुग्णालय उघडलें. परंतु त्याच वर्षाच्या १६ ऑक्टोबरास बॉस्टन येथें ईथरची शस्त्रक्रिया जाहीररीत्या झाली होती. १८४७ सालीं क्लोरोफॉर्म आलें. चार मिनिटांत सर्वांवर चालणाऱ्या औषधापुढें तासचे तास हात फिरवून कांहींजणांवरच चालणारा उपाय मागें पडावा हें साहजिक होतें. १८५१ सालीं एस्डेल मायदेशीं परतले.

येथें लक्षांत घेण्यासारखें हें कीं, एस्डेल अखेरपर्यंत द्रववादीच राहिले. त्यांचे बंगाली मदतनीस अंधाऱ्या खोलींत रोग्याच्या अंगावरून हात फिरवीत, तेव्हां आपण कांहीं तरी सूक्ष्म वस्तु त्याच्या देहांत सोडीत आहोंत, अशी एस्डेल यांची समजूत होती. ज्या विद्येचें मर्म एका गोमंतकीयानें २६ वर्षांपूर्वींच छापून ठेविलें होतें, ती विद्या त्याच्याच देशांत मर्म सोडून आली! ग्रंथ असणें व ग्रंथ वाचला जाणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, याची जाणीव हस्तलिखितांच्या संग्राहकांइतकी दुसऱ्या कोणास असणार?

९. आजच्या शास्त्रानें फारियांचें मत कोठवर उचलून धरलें आहे? सूचनेस वश होण्याची पात्रता माणसामाणसांत भिन्न असते व ती बव्हंशीं त्याच्या स्वतःच्या ठायीं असते, हें आतां सर्वमान्य आहे. १९७८ सालीं लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स या संशोधकांनीं दाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. औषध म्हणून दिलेल्या निर्गुण द्रव्यानें ज्यांच्या वेदना कमी झाल्या, त्यांस अफूचा परिणाम मारणारें नालोक्सोन देतांच त्या वेदना पुन्हां वाढल्या. म्हणजे विश्वासानें शरीरांत अफूसारखें द्रव्य खरोखरच स्रवतें, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. ‘नुसती कल्पना’ या शब्दांतील ‘नुसती’ हें विशेषण यापुढें काढून टाकावें लागेल. परंतु मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मन वेदना शमवितें. गांठ वितळवीत नाहीं. हुगळीच्या रोग्यांची गांठ शेवटीं एस्डेल यांच्या सुरीनेंच निघाली.

१०. आपल्या संग्रहांतील कागदांशीं याचा संबंध आहे. स्मृतिग्रंथांतील तंडुलदिव्यांत आरोपीनें तांदूळ चावून थुंकावयाचे. टाळूस कोरड पडली, अंग कांपलें, रक्त दिसलें म्हणजे तो दोषी. अपराध्याची भीति त्याच्याच देहावर साक्ष देते हें धर्मशास्त्रकारांस ठाऊक होतें. निरपराधी माणूसही भीतीनें कांपतो, हा त्यांतील धोका. दिव्यांचे महजर, अंगाऱ्याधुपाऱ्याच्या याद्या, मंत्रतंत्रांचीं बाडें जुन्या दप्तरांत सांपडतात. त्यांस कोणी भोळसटपणा म्हणून रद्दींत टाकतो, कोणी प्राचीन सिद्धि म्हणून देव्हाऱ्यांत ठेवतो. पहिला १७८४ च्या समितीची चूक करतो, दुसरा मेस्मर यांची. रोगी कोण, त्यास काय सांगितलें, काय घडलें, किती दिवसांनीं घडलें, इतकें ज्या कागदांत असेल तो जमिनीच्या सनदेइतक्याच काळजीनें राखला पाहिजे.

असो. पणजीचा पुतळा आहे तेथेंच असूं द्यावा. तो सुंदर आहे. पाहणारानें मात्र पाद्र्याच्या पसरलेल्या हातांवरून दृष्टि काढून त्या निजणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर लावावी. फारिया स्वतः तिकडेच पाहत होते.